फिल्टरची खोली

लग्न करायचं का, हे आम्ही दोघांनी एका कॅन्टीनमध्ये, चहाचा पहिला कप संपायच्या आत ठरवलं होतं. माशांच्या टाकीला फिल्टर कुठला घ्यायचा हे ठरवायला मात्र माझ्या नवऱ्याला अख्खा उन्हाळा पुरला नाही. तो एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. तीन ठिकाणांहून दर मागवल्याशिवाय हा माणूस साधी टाचणी विकत घेत नाही. माझ्या बाबतीत त्याने तुलना केली नव्हती हे मी बरीच वर्षं कौतुकाने सांगत असे. आता सांगत नाही.

टाकी नानांसाठी होती, निदान बोलताना तरी. नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि हॉलमधल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघू लागले. मासे बघितले की म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब-बिक्तदाब उतरतो, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं. झालं. सहा फुटांची टाकी घ्यायचं ठरलं. "नानांना सोबत होईल," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. मासे हवेत का, हे नानांना त्याने विचारलं नाही, आणि नानांनीही हवेत किंवा नकोत असं काही म्हटलं नाही. नाना कधीच काही म्हणायचे नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याला मी सभ्यपणा समजत होते.

आमच्या हॉलला लागून एक लहानशी खोली आहे. घर बांधणाऱ्याने ती कपडे धुण्यासाठी काढली असावी, कारण कोपऱ्यात नळ आहे आणि जमिनीत मोरी. खिडकी नाही. घरात कुणालाच ती नको होती, म्हणून ती मला मिळाली. मी तिथे पुस्तकं वाचते. म्हणजे मायक्रोफोनसमोर बसून मोठ्याने वाचते, आणि लोक ती नंतर बसमध्ये किंवा भांडी घासताना ऐकतात. त्या खोलीच्या चारही भिंतींना मी स्वतःच्या हातांनी फोम चिकटवला होता, छताला जुन्या रजया ठोकल्या होत्या, दाराच्या फटींना रबराची पट्टी लावली होती. आत बसलं की आपल्या श्वासाचा आवाज आपल्यालाच दचकवतो, इतकी शांतता. बरीच वर्षं मी तिथे शाळेची पाठ्यपुस्तकं वाचली. खडकांचे प्रकार, पचनसंस्था, असलं. आणि मग पहिल्यांदाच एक कादंबरी आली, चांगली जाडजूड. काम देणाऱ्या निर्मातीबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "ही नीट पार पाडलीस तर या लेखिकेची बाकीची पुस्तकंही तुझीच." मी फोन ठेवला आणि त्या बंद खोलीत जाऊन चक्क ओरडले. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.

नानांना ती कादंबरी आवडली. मी हेडफोनची लांब वायर दाराखालून बाहेर काढून दिली होती. ते खुर्ची दाराशी ओढून घेत आणि मी आत वाचत असताना बाहेर ऐकत बसत. जेवताना एखादं वाक्य बोलायचे. "आज ती आत्या फार घाईघाईने बोलली गं." मी जाऊन बघायचे तर खरंच घाई झालेली असायची. मी तेवढा भाग पुन्हा वाचायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात माझं काम कान देऊन ऐकणारे नाना पहिलेच.

फिल्टर घ्यायला आम्ही तिघंही गेलो. दुकानदार बोलका होता. त्याच्या दुकानात मासे कमी आणि पंप, नळ्या, स्पंजच जास्त दिसत होते. "साहेब, तुम्ही टाकी घेताय असं समजूच नका," तो म्हणाला. "तुम्ही फिल्टर घेताय, आणि त्यावर टाकी फुकट मिळतेय असं समजा." मग त्याने सगळं समजावलं. मासे घाण करतात, त्या घाणीचं विष होतं, आणि फिल्टरमधल्या स्पंजवर न दिसणारे चांगले जिवाणू वसतात, ते ते विष खाऊन टाकतात. म्हणून पाणी सतत फिरतं हवं. टाकीच्या पाठीवर अडकवायचा फिल्टर इतक्या पाण्याला म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजणं. मग उरतात दोन. एक सम्प, म्हणजे खाली आणखी एक टाकी ठेवायची, वरचं पाणी तिच्यात पडतं, गाळलं जातं आणि पंपाने वर जातं. दुसरा म्हणजे आत स्पंज आणि मोटार असलेला बंद डबा, टाकीखालच्या कपाटात ठेवायचा.

"आवाज कुणाचा किती?" मी विचारलं.

"सम्पमध्ये पाणी पडणार, ताई, त्याचा आवाज येणारच. डब्याचा नाही. पण मोठा एक घेऊ नका, छोटे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो. आणि दोन्हींच्या खाली जाड रबर टाका."

"माझी खोली त्याच भिंतीला लागून आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, तेच तर पहिलं डोक्यात आहे माझ्या," तो म्हणाला.

घरी आला तो एकच डबा, पाण्याच्या बादलीएवढा. दोन डबे म्हणजे दोन मोटारी, दोन मोटारी म्हणजे दुप्पट आवाज, असा हिशेब त्याने ऑफिसात बसून मांडला होता. "एकच, पण दमदार," असं म्हणत त्याने डब्यावर थाप मारली. टाकी माझ्या भिंतीला लावली, कारण समोरच्या भिंतीवर टीव्ही होता आणि टीव्ही हलवणं त्याच्या लेखी अशक्य कोटीतलं. मग पाणी, मग जिवाणूंची वाट बघण्यात गेलेले कितीतरी आठवडे, मग एकदाचे मासे. त्यांत ऑस्कर जातीचा एक मोठा मासा होता, काळ्या अंगावर केशरी डाग असलेला. तो दिवसभर बाकीच्यांच्या मागे हिंडून देखरेख करायचा. नानांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. नाना काचेवर बोट टेकवायचे आणि मुकादम त्या बोटाशी येऊन उभा राहायचा. खोटं कशाला बोलू, नानांचा चेहरा तेव्हा खुलायचा, आणि मलाही बरं वाटायचं.

हॉलमध्ये तो डबा ऐकूसुद्धा येत नव्हता. पण त्याची थरथर कपाटातून भिंतीत आणि भिंतीतून माझ्या खोलीत यायची. कानाला लागायची नाही, मायक्रोफोनला लागायची. निर्मातीबाईंचा फोन आला. "मागे काहीतरी घूं-घूं येतंय. मधमाश्या पाळल्यास का?" मी डब्याखाली रबर घातलं, रबराखाली घड्या केलेले टॉवेल घातले, टॉवेलांखाली नवऱ्याची जुनी जीन्स घातली. घूं-घूं थोडी मंदावली, गेली नाही.

"दुसरा फिल्टर घे," मी म्हटलं. "दुकानदाराने सांगितले होते तसे दोन छोटे."

"इतका विचार करून घेतलेली वस्तू अशी बदलायची?" नवरा दुखावला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "अगं, सोपं आहे. तू वाचतेस तेवढा वेळ बंद ठेवायचा. बटण आहे ना!"

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तासभर चालेल, जास्त नको. बंद डब्यात पाणी थांबलं की आतले जिवाणू गुदमरतात, सडतात, आणि पुन्हा चालू केला की ती सगळी सड टाकीत येते. मी नवऱ्याला हे शब्दाला शब्द सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बटणाचा कारभार नानांकडे सोपवला. "नाना, तुम्ही घरीच असता. ही वाचायला बसली की बंद, तासाने चालू. जमेल ना?"

नाना खुर्चीत ताठ बसले. या घरात त्यांना मिळालेलं ते पहिलं काम होतं.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मी तासभर वाचायचे, मग दारावर टकटक व्हायची. त्यांनी डबा चालू केला की मी पाणी प्यायचे, पाय मोकळे करायचे, जेवण लावायचे. त्याचा तास भरला की पुन्हा आत. अशा तुकड्या-तुकड्यांनी ती कादंबरी मी शेवटाजवळ आणली.

त्या दिवशी मी अशा भागाला पोचले होते की तुकडे करणं जिवावर आलं. कादंबरीतली मुलगी सोडून गेलेल्या आईला शोधून काढते आणि तिच्यासमोर बसून तिला एकही प्रश्न विचारत नाही. टकटक झाली नाही, मला भान राहिलं नाही, मी वाचतच गेले. भूक लागून बाहेर आले तेव्हा नाना हेडफोन कानाला लावून बसलेले, चष्मा हातात, डोळे पुसत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तरी विचारलं, "नाना, मधे चालू केला होता ना फिल्टर?"

त्यांनी मान हलवली. होकारार्थी, स्पष्ट. "हो हो. आत्ताच परत बंद केला. तू वाच."

मी उभ्याउभ्या चार घास खाल्ले आणि आत गेले. टकटक पुन्हा झाली नाही, मीही वाचत राहिले, आणि शेवटची दोन प्रकरणंच उरली. ती ताज्या आवाजात उद्या वाचायची ठरवून मी संध्याकाळी माइक बंद केला.

बाहेर आले तेव्हा नवरा नुकताच कामावरून आला होता. मासे वरच्या कडेला जमून तोंडं उघडझाप करत होते. "हा बंद का आहे?" असं म्हणत त्याने बटण दाबलं. मी "थांब!" म्हणाले, पण डबा खोकला आणि नळीतून तपकिरी पाणी भसाभस टाकीत शिरलं. सडक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. आम्ही बादल्यांनी पाणी काढलं, बादल्यांनी भरलं. नाना खुर्चीतून उठले नाहीत. सकाळी काच चाटणारा एक काळा मासा सोडून बाकी सगळे तरंगत होते. मुकादम कुशीवर पडला होता आणि त्याचा एक डोळा छताकडे लागलेला होता.

नवऱ्याने जाळीने एकेकाला बाहेर काढलं. तो रडत नव्हता, पण नाक ओढत होता. मग त्याने विचारलं, "दिवसभर बंद होता? कुणी ठेवला?"

मी नानांकडे बघितलं. मी स्वतःहून सांगणार नव्हते, म्हातारा माणूस, ऐकता ऐकता विसरला असेल. त्यांनीच म्हणावं, "विसरलो रे," एवढंच मला हवं होतं. मी लगेच म्हटलं असतं, जाऊ द्या नाना.

नाना जवळजवळ रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाले, "मला काय माहीत. तिचंच वाचन चालू होतं."

"नाना, मी दुपारी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

ते चष्मा काढून शर्टाला पुसत बसले.

"वा," नवरा म्हणाला. "आता एवढ्या म्हाताऱ्या माणसावर ढकल."

"ढकलत नाहीये. घडलं ते सांगतेय. आणि डबा तू आणलास. दुकानदार दोन सांगत होता."

"म्हणजे माझी चूक, नानांची चूक, माशांचीही चूक असेल. तू तेवढी देवी." त्याने जाळी आपटली. "तुझ्या त्या बडबडीपायी माझ्या बापाची करमणूक गेली."

बडबड. या शब्दाचा मला आजही इतका राग येतो की तो लिहितानासुद्धा हात आखडतो.

पुढे जे झालं ते फार शांतपणे झालं, आणि शांतपणे झालेल्या गोष्टींशी मला भांडता येत नाही. नवरा दुकानात जाऊन आला. या वेळी त्याने तीन दर मागवले नाहीत. अर्धवट उपाय नको, असं त्याला कळून चुकलं होतं. सगळ्यात उत्तम म्हणजे सम्प, कारण त्यात पाण्याला हवा लागते, आणि समजा पंप थांबलाच तरी आतलं लगेच सडत नाही. आणि सम्प ठेवायची सगळ्यात उत्तम जागा म्हणजे वेगळी खोली. "बड्या घरांत तसंच करतात. नुसता नळ हवा आणि मोरी हवी," असं सांगताना त्याची नजर माझ्या दाराकडे गेली. माझ्या आधी नानांनी ती टिपली असावी, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली.

"तिथे मी काम करते," मी म्हटलं.

"अगं, तुला काय, तू कुठेही वाचू शकतेस. आवाज तुझा तुझ्याजवळच असतो ना? दुपारी स्वयंपाकघरात किती शांत असतं."

"तिथे फ्रिज आहे. खाली रस्ता आहे. मला दोन प्रकरणं वाचायची आहेत, आणि त्यापुढे तिची सगळी पुस्तकं आहेत. ती खोली माझी आहे."

"घरातली खोली कुणा एकाची नसते," तो म्हणाला. हॉल मात्र टीव्हीचा होता, बाल्कनी त्याच्या व्यायामाच्या सायकलीची होती.

मी नानांकडे वळले. "नाना, तुम्ही सांगा त्याला. तुम्ही रोज ऐकत होतात. तुम्हाला माहितीये मी आत काय करते."

नाना म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवा बाबा. मी काय, आज आहे उद्या नाही." आणि उठून आपल्या खोलीत गेले.

रागाच्या भरात मी बॅग भरली आणि बहिणीकडे निघून गेले. मला वाटलं होतं, घरात दोन पुरुष आपापल्या हाताने चहा करून प्यायले की त्यांना माझी किंमत कळेल. बहीण म्हणाली होती, "अगं, जाताना खोलीला कुलूप तरी लावायचंस." मी हसले होते. घरातल्या घरात कुलूप कोण लावतं?

चार दिवसांनी परत आले तर हॉलच्या भिंतीला मुठीएवढी दोन भोकं पडली होती आणि त्यांतून राखाडी पाइप आरपार गेले होते. टाकीत नवे मासे होते. मी माझं दार उघडलं. माझं टेबल होतं तिथे काचेची लांब टाकी होती, तिच्यात कप्पे, कप्प्यांत स्पंज आणि पांढऱ्या मातीच्या कड्या, आणि वरून पाणी धो-धो पडत होतं. माझा माइक खोक्यात घालून फडताळावर ठेवला होता, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. नीट ठेवला होता. तो नीटपणा बघून मला ओरडायचं होतं, पण त्या पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नसतं.

नवरा मागे येऊन उभा राहिला. "फोम मुद्दामच काढला नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचे आभार होते. "काय काम केलंयस गं तू! दार लावलं की एक थेंब आवाज बाहेर येत नाही. दुकानदार बघून थक्क झाला. म्हणाला, अशी फिल्टरची खोली त्याने आजवर पाहिली नाही."

स्वयंपाकघरात, फ्रिजची वायर काढून, डोक्यावरून चादर घेऊन मी ती दोन प्रकरणं वाचली. निर्मातीबाईंनी ऐकली आणि समजुतीने म्हणाल्या की हा त्याच बाईचा आवाज वाटत नाही, वेगळ्याच घरातून येतोय. मुदत टळून गेली होती. एका पुस्तकात दोन आवाज चालत नाहीत, म्हणून त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ते दुसरीकडून वाचून घेतलं. माझं काम कुणी कधीच ऐकणार नाही. नानांनी ऐकलं, तेवढंच.

पाहुणे आले की नवरा त्यांना टाकीसमोर उभं करतो आणि ओठांवर बोट ठेवतो. "ऐका. काही ऐकू येतंय?" पाहुणे कान टवकारतात. "नाही ना? पाणी तासाला दहा वेळा फिरतंय!" सगळे वाहवा करतात. फिल्टरचे स्पंज आठवड्याला मी धुते, टाकीतल्याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्यात ते जिवाणू मरतात. हे काम माझ्याकडे कधी आलं ते मला आठवत नाही. कुणी सोपवलंही नव्हतं.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. नाना आले. त्यांनी आपली खुर्ची स्वतः ओढत आणली होती, त्यांना धाप लागली होती. ती माझ्यासमोर ठेवून ते बसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या मुलीचं आणि आईचं पुढे काय झालं गं? ती दोन प्रकरणं राहिली माझी ऐकायची. वाचून दाखवशील?"

पुस्तक मागच्या कप्प्यातच होतं, हात लांबवला असता तर मिळालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, ते मला कळत होतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं. मग ते उठले, खुर्ची पुन्हा ओढत हॉलमध्ये नेऊ लागले. ती उंबऱ्यात अडकली. एरवी मी धावत गेले असते. मी पुढची शेंग उचलली आणि सोलली.